माळा रिकामा करताना: वसईतल्या एका ख्रिस्ती घराचं प्रकरण

वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं, वाडी आणि विहीर अजून राखून असलेलं एक घर. खाली ओटी, माजघर, स्वयंपाकघर. वर दोन खोल्या आणि कौलांखाली लांबच लांब माळा. घरातली आजी 2024चा पावसाळा संपता संपता देवाघरी गेली. विरारला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या धाकट्या मुलानं बायकामुलांसह गावच्या घरी परतायचं ठरवलं, तेव्हा वरच्या खोल्या मोकळ्या करणं भाग पडलं. थोरल्या सुनेनं या कामासाठी 2025चा प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, निवडला. राखेचा बुधवार 5 मार्चला होता आणि ईस्टर 20 एप्रिलला. मी आमच्या पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत काम करते. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी सुरू केलेल्या या संस्थेचा मुख्य रिवाज म्हणजे गरजू माणसाच्या घरी स्वतः जाणं. सून मला म्हणाली, "आंटी, घर साफ करायचंय आणि कोणाचं तरी भलंही करायचंय. दोन्ही एकदमच होईल ना?"

दोन्ही एकदम होत नाही. ते का होत नाही आणि मग या घरानं काय केलं, ते सविस्तर लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण त्यानंतर बऱ्याच घरांतून हाच प्रश्न आला. घरच्यांच्या संमतीनं लिहिते आहे, नावं देत नाही.

काय काय निघालं

माळ्यावरून पहिल्यांदा खाली आल्या त्या सुटकेसी. थोरला मुलगा बरीच वर्षं आखातात होता. दर सुट्टीला आणलेलं सामान वापराविना तसंच राहिलेलं: वाघाचं चित्र असलेली जाड ब्लँकेटं, चेनच्या प्लॅस्टिक पिशवीतून एकदाही बाहेर न काढलेली, चादरींचे संच, काचेचे पेले, परफ्यूमच्या आटून गेलेल्या बाटल्या. मग आहेराची भांडी. त्यातला एक स्टीलचा डबा मी बराच वेळ हातात धरून बसले होते. बुडाशी टिंबाटिंबांनी कोरलेलं: "मामांकडून सप्रेम, 1987". आत वर्तमानपत्राचा बोळा, झाकण एकदाही घट्ट न बसवलेलं. अशी ताटं, वाट्या, पेले, पातेली गोणपाटात बांधून ठेवलेली. लग्नं, बाप्तिस्मे, घरभरणी, सगळ्यांची आठवण त्या गोणपाटात होती, पण त्यात कोणी जेवलं नव्हतं.

याशिवाय पितळेची मोठी पातेली आणि घंगाळ, दोन जुने टीव्ही, मोबाइल आणि चार्जरांचा गुंता, जुन्या सीएफएल दिव्यांची खोकी, तारखा उलटून गेलेली औषधं, 'सुवार्ता' मासिकाचे गठ्ठे, पहिल्या पवित्र कम्युनियनचे (चर्चमध्ये मूल पहिल्यांदा प्रसादाची भाकर घेतं त्या दिवसाचे) तीन पांढरे फ्रॉक, फोमच्या गाद्या. आणि आजीची ट्रंक. डांबराच्या गोळ्यांच्या वासात घड्या घातलेली तिची लाल सुती लुगडी.

पपांचं म्हणणं

पपा म्हणजे आजीचे यजमान. ऐंशी उलटलेले. त्यांचा विरोध होता, आणि तो निव्वळ हट्ट आहे असं समजून घरच्यांनी पहिले काही दिवस त्यांना टाळूनच काम चालवलं. पपांचं वाक्य एकच, "लागेल कधीतरी." दोरीचा तुकडा, पिशवी, खिळे, छत्रीच्या काड्या, सगळं त्यांनी जपलेलं.

एका संध्याकाळी सुनेनं त्यांना लूकच्या शुभवर्तमानातला धनवान शेतकरी वाचून दाखवला. पीक भरघोस आलं म्हणून जुनी कोठारं पाडून मोठी बांधायला निघालेला आणि त्याच रात्री मेलेला. पपांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तो नवीन कोठारं बांधायला निघाला होता. मी नवीन काय घेतलं ते सांग."

मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. पपांच्या लहानपणी नवे कपडे यायचे ते नाताळला. फाटलं की ठिगळ, ठिगळ फाटलं की पायपुसणं. त्यांच्या पिढीचं साठवणं हे वस्तूला शेवटपर्यंत वापरण्याचं साठवणं आहे. पाच हजारांना जेवू घातल्यावर येशू शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगतो, काही वाया जाऊ नये म्हणून. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातलं हे वाक्य आपण प्रवचनात चमत्काराच्या मागे ढकलून देतो. चमत्कार करू शकणाऱ्यालाही बारा टोपल्या उष्टे तुकडे मोलाचे वाटतात, आणि पपांची दोरी त्याच जातीची आहे. आखाती सुटकेसी मात्र वेगळ्या. त्यांतल्या वस्तू कोणी वापरल्या नाहीत आणि कोणाला वापरूही दिल्या नाहीत. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप असलेल्या संत बाझिलनं याच धनवानाच्या दाखल्यावर प्रवचन दिलं होतं. तुझ्या पेटीत पडून असलेला अंगरखा ज्याच्या अंगावर काही नाही त्याचा आहे, असं तो तिथं सांगतो. देता येत असून न देणारा त्याच्या मते दुसऱ्याचे कपडे हिसकावणाऱ्या चोरासारखाच आहे.

घरात हा फरक लक्षात आल्यावर भांडणाचा सूर बदलला. "पपांनी साठवलेलं टाका" हा विषय मागे पडला आणि "वापराविना अडवून ठेवलेलं सोडा" हा पुढे आला. पपा त्यानंतर स्वतः माळ्यावर चढायला लागले. सगळ्यांनी नको म्हटलं तरीही.

पहिली फेरी फसली

त्याआधी मात्र एक गाडी भरून गेली होती. सून आणि तिच्या जावेनं दोन रविवारांत जमेल तेवढे कपडे काळ्या पिशव्यांत कोंबले आणि पालघर जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या आदिवासी मुलींच्या एका वसतिगृहात नेले. तिथल्या सिस्टरांनी चहा दिला, आभार मानले आणि मग एक खोली उघडून दाखवली. छतापर्यंत पिशव्या. वसई-मुंबईकडच्या घरांतून आलेल्या. त्यात जरीचे ब्लाऊज, एकेक सँडल, चेन तुटलेल्या जीन्स, डाग पडलेले टॉवेल. सिस्टर म्हणाल्या, "हे निवडायला आम्हाला बाई लावावी लागते, आणि निम्मं शेवटी आम्हालाच जाळावं किंवा पुरावं लागतं. नाही म्हणवत नाही, कारण उद्या तीच माणसं तांदूळही देतात."

ही एकाच वसतिगृहाची गोष्ट नाही. 2004च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या नको त्या कपड्यांचे ढीग रस्त्यांवर पडले होते. समुद्रकाठच्या कोळिणींना कोणी काय पाठवलं असेल याची कल्पना करा. श्रीमंत देशांतले उतरवलेले कपडे घानातल्या अक्रा शहराच्या बाजारात जातात आणि तिथून न विकलेले किनाऱ्यावर साचतात. आपली अडगळ दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकली की आपलं मन हलकं होतं. त्याला पुण्य म्हणायचं आपण थांबवलं पाहिजे.

परतीच्या वाटेवर सून गप्प होती. दुसऱ्या दिवशी मी तिला बायबलमधल्या मलाखी संदेष्ट्याचा पहिला अध्याय काढून दिला. लोक देवाला आंधळी, लंगडी जनावरं वाहत होते, तेव्हा देव म्हणतो, हे तुमच्या अधिकाऱ्याला देऊन बघा, तो खूश होईल का? तिनं घरात हाच नियम केला. जे आपल्या विहिणीला हातात द्यायला लाज वाटेल, ते वसतिगृहात जाणार नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानं दोन अंगरखे असणाऱ्याला एक द्यायला सांगितलं, तेव्हा त्या दोन्हींपैकी फाटका कुठला हे तो सांगत बसला नाही.

सिस्टरांकडून तिनं यादी मागून घेतली. यादी लहान होती: एकेरी चादरी, झाकणाच्या बादल्या, स्टीलचे पेले, सुती अंतर्वस्त्रं (नवी), शाळेची दप्तरं, पांघरुणं. साड्या नकोत. यादीतल्या चादरी आणि पांघरुणं सुटकेसींत निघाली. वाघाची ब्लँकेटं वसईच्या हवेत कोणी पांघरत नाही, पण जव्हार-मोखाड्याच्या बाजूला डिसेंबरात थंडी चांगली बोचते. बादल्या आणि अंतर्वस्त्रं विकत घेतली. सुनेच्या नवऱ्याला प्रश्न पडला, घर रिकामं करताना खरेदी कशाला? बायबलमधल्या दावीद राजाला वेदी बांधायला खळं फुकट देऊ केलं तेव्हा, ज्यासाठी मला काही मोजावं लागलं नाही ते मी परमेश्वराला वाहणार नाही, असं तो म्हणाला होता. भंगाराचे आलेले पैसे यातच गेले.

बोहारीण, भंगारवाला, वीटभट्टी

दुसऱ्या फेरीत प्रत्येक वस्तूसाठी एकच प्रश्न ठेवला: हे नेमकं कोणाला लागेल? उत्तर सापडलं नाही तर वस्तू खाली ओट्यावर राहायची.

सिंथेटिक साड्या आणि पँट-शर्ट बोहारणीला दिले. आपल्याकडे बोहारणीशी पातेल्यासाठी घासाघीस करणं हे बायकांना मोठेपणाचं वाटतं. सुनेनं एकही भांडं घेतलं नाही, कारण घरात भांडी कमी करायचीच होती. ही बाई ते कपडे धुते, शिवते, बटणं लावते आणि जुन्या कपड्यांच्या बाजारात विकते. जे विकलं जात नाही त्याच्या चिंध्या कारखान्यांत यंत्रं पुसायला जातात. लोकरीचं असेल तर पानिपतपर्यंत जाऊन पुन्हा सूत होऊन स्वस्त ब्लँकेट बनतं. पुनर्वापराचा हा धंदा कोणत्याही मोहिमेच्या आधीपासून ती चालवते आहे. भंगारवाल्याचंही तेच. त्यांना उपकाराची भाषा नको, रास्त व्यवहार हवा.

वसई पूर्वेच्या बाजूला वीटभट्ट्यांवर हिवाळ्यापासून कातकरी आणि वारली कुटुंबं येऊन राहतात आणि पावसाआधी परततात. मार्चच्या उन्हात तिथल्या पोरांच्या पायांत चपला नव्हत्या. आमच्या सोसायटीच्या रिवाजाप्रमाणे आधी रिकाम्या हातानं गेलो, बसलो, बोललो. तिथल्या बायकांनी ताडपत्री आणि मुलांच्या चपला मागितल्या. घरात ताडपत्री निघाली, पावसाळ्यात ओटीला लावायची. पपांनी ती स्वतः तपासली आणि भोकं बुजवून दिली. फोटो काढले नाहीत. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तयाचं वाक्य मोबाइलच्या जमान्यात आणखी कडक पाळायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

टीव्ही आणि मोबाइल ओट्यावर सर्वांत जास्त दिवस पडून राहिले. भंगारवाला घ्यायला तयार होता, पण तारा जाळून तांबं काढणं आणि सर्किटं आम्लात टाकणं कुठेतरी होतंच, आणि तो धूर बहुतेक वेळा भंगार निवडणाऱ्याच्याच घरात जातो. 1 एप्रिल 2023पासून लागू झालेल्या नियमांनुसार ई-कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवा. धाकट्या मुलानं शोधून तसं केलं. सीएफएल दिव्यांत पारा असतो, म्हणून ते आणि जुनी औषधं घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी बांधून दिली.

पवित्र वस्तूंचा प्रश्न कोणी आधी विचारात घेतलाच नव्हता. फुटलेली मूर्ती, तुटक्या जपमाळा, वाळवीनं खाल्लेली प्रार्थनापुस्तकं. आशीर्वादित वस्तू कचऱ्यात टाकत नाहीत. जाळतात किंवा पुरतात. पण रंगवलेलं प्लॅस्टर आणि प्लॅस्टिकचे मणी जाळणं बरं नाही. मूर्तीचे तुकडे पपांनी वाडीत विहिरीपासून दूर पुरले, जपमाळा सांधून घेतल्या. झावळ्यांच्या रविवारच्या कैक वर्षांच्या झावळ्या देवघरामागे खोचलेल्या होत्या. त्या चर्चमध्ये दिल्या, पुढच्या राखेच्या बुधवारची राख त्यांचीच होते.

आणि लुगडी. नातींनी एकेक ठेवून घेतलं. उरलेली कोणाला देणं पपांना जमेना आणि त्यावर कोणी त्यांना घाई केली नाही. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. गावातल्या दोन बायका अजून गोधड्या शिवतात. धुऊन धुऊन मऊ झालेल्या त्या सुती कापडाच्या बाळगोधड्या झाल्या, शिलाई पपांनी दिली, आणि त्या वर्षी पॅरिशमध्ये बाप्तिस्मा झालेल्या बाळांच्या घरी गेल्या. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्यं' या पुस्तकात गरिबांना मदत करणारी दुर्कस मरते तेव्हा यापोतल्या विधवा तिनं शिवलेले कपडे पेत्राला रडत रडत दाखवतात. कापडाला माणूस आठवतो, म्हणून कापड देताना माणूस बघून द्यावं.

ताटांची बँक

आहेराची भांडी द्यायची कोणाला, हा पेच सुटत नव्हता. नावं घातलेली भांडी परक्याला देणं बरं दिसत नाही आणि मोडीत घालायला पपा तयार नव्हते. तोडगा सुनेला सुचला तो एका मयताच्या घरी. महिन्याच्या मिसेनंतर (चर्चमधल्या प्रार्थनाविधीनंतर) जेवण होतं. आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेल्या कागदी पत्रावळ्या, वाट्या, पेले. जेवण आटोपल्यावर त्यांचे ढीग कुंपणापाशी. राज्यात 2018 साली थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली, देशभर 1 जुलै 2022पासून एकदाच वापरायच्या बऱ्याच प्लॅस्टिक वस्तूंवर आली, आणि त्याच महिन्यात राज्यानं प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेल्या पत्रावळ्यांवरही घातली, तरी हा नवा प्रकार वापरात राहिला. तो कुजतही नाही आणि भंगारवालाही घेत नाही. जातो तो गोखिवऱ्याच्या डम्पिंगला, नाहीतर नाल्यात. 2018च्या जुलैत वसई दिवसेंदिवस पाण्याखाली होती तेव्हा भराव आणि तुंबलेल्या नाल्यांवर गावोगाव आपण सगळे बोललो होतो.

गोणपाटं सोडून ताटं, वाट्या, पेले पॅरिशच्या महिला मंडळाकडे गेले. ज्याच्या घरी कार्य असेल त्यानं न्यायचे, अनामत ठेवायची, धुऊन परत द्यायचे. एका घराची भांडी अपुरी पडली, म्हणून रविवारच्या मिसेनंतर आवाहन केलं, आणि माळ्यांमाळ्यांवरून आहेर खाली आला. पितळेची पातेली कल्हईशिवाय वापरता येत नाहीत. कोकम-चिंचेचं कालवण त्यात कळकतं. कल्हईवाला शोधायलाच बराच काळ गेला. 

अडचणी खऱ्या होत्या. केटरर कुरकुरले, कारण पत्रावळी त्यांच्या दरात धरलेली असते. धुणार कोण यावरून पहिल्याच साखरपुड्याला वाद झाला. शेवटी गावातल्या दोघी बायकांना रीतसर मजुरी ठरवून काम दिलं, तो खर्च यजमानाचा. कोणी म्हणालं, भांड्यांवरची नावं घासून काढा, देणाऱ्याचा मोठेपणा दिसतो. पपांनी ठाम नकार दिला. कोरलेली बहुतेक माणसं आता कबरस्तानात आहेत, त्यांचा कसला मोठेपणा? नाव दिसलं तर त्या माणसासाठी एक 'नमो मरिया' ही प्रार्थना म्हणा.

मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत ख्रिस्ती वाटते. दान म्हटलं की वरचा हात आणि खालचा हात येतो. इथे तसं काही नाही. पहिल्या मंडळीत सगळं सामाईक होतं, असं प्रेषितांची कृत्यं सांगतात, आणि आमच्या गावात निदान ताट-वाटी तरी सामाईक झाली. फ्रॉकचंही तसंच झालं. एका दिवसासाठी शिवले जाणारे कम्युनियनचे तीन फ्रॉक माप बघून आळीपाळीनं फिरू लागले, आणि धाकट्याच्या मुलीनं आपल्या आत्याचा घातला.

वसईत पर्यावरणाची गोष्ट चर्चच्या अंगणात नवी नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता'चं संपादन करता करता हरित वसईची चळवळ उभी केली, ती पाणी आणि जमीन वाचवण्यासाठी. माळ्यावरचे ते गठ्ठे म्हणूनच रद्दीत न घालता वाचनालयात दिले. पोप फ्रान्सिस यांच्या 2015च्या 'लौदातो सी' या पत्रात फेकून देण्याच्या संस्कृतीवर टीका आहे, आणि त्याच पत्रात एखादी वस्तू लगेच न टाकता पुन्हा वापरणं हेही प्रेमाचं काम म्हणून सांगितलं आहे. पण घर रिकामं केल्यानं पृथ्वीवरचा भार आपोआप हलका होत नाही. एका सुती टी-शर्टामागे सुमारे 2700 लिटर पाणी लागतं असा अंदाज नेहमी दिला जातो. ते पाणी शर्ट विकत घेतला तेव्हाच खर्ची पडलं. मोकळं झालेलं कपाट दिवाळी-नाताळच्या सेलमध्ये पुन्हा भरलं तर केलेलं सगळं पालथं. म्हणून सुनेनं शाळेचे गणवेश आणि चपला वगळता नाताळपर्यंत कपड्यांची खरेदी थांबवली. जावेला हे जड गेलं. एका लग्नासाठी तिनं साडी घेतलीच, आणि त्यावरून घरात कोणी शब्द काढला नाही, हे मला बरं वाटलं.

अजून न सुटलेलं

फोमच्या गाद्या अजून वरच्या गॅलरीत उभ्या आहेत. कापसाच्या गाद्या पिंजून पुन्हा भरून मिळाल्या, पण फोम ना भंगारवाला घेतो, ना वसतिगृह, ना बोहारीण. फोमचे तुकडे करून उशांत भरायचा प्रयोग सुरू आहे. एका गादीच्या उशा खूप होतात आणि तेवढ्या उशा घेणारं कोणी नाही. अशाच गाद्या बाकीच्या घरांतूनही निघतील, हे लक्षात घेऊन महिला मंडळानं पॅरिश कौन्सिलच्या पुढच्या बैठकीत तो विषय घेतला आहे. कोणाकडे याची चालती सोय असेल तर आम्हाला हवी आहे.